घरी नळीतून अन्न आणि शिरेतून सलाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लकवा झालेले, खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाचा कर्करोग होऊन ऑपरेशन झालेले, अपघातात डोक्याला मार लागलेले रुग्ण नळीसकट घरी येतात आणि दुसऱ्याच दिवसापासून घरच्यांचे प्रश्न सुरू होतात. खेड्यांतल्या घरांतून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मापं साधारण ५० किलो वजनाच्या प्रौढ माणसासाठी आहेत. लहान मुलांची आणि किडनी, हृदय किंवा लिव्हरच्या रुग्णांची मापं वेगळी असतात. डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा.

१. बाबा चार दिवसांपासून काहीच खात नाहीत. नळीपेक्षा घरीच रोज सलाइन लावली त चालते काय?

नाही. सलाइन म्हणजे जेवण नव्हे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच लहान चमचे. त्यातून ८५ ते १०० कॅलरी मिळतात आणि प्रथिनं शून्य. पडून असलेल्या माणसालाही दिवसाला १२५० ते १५०० कॅलरी लागतात. तेवढ्या सलाइनमधून द्यायच्या तर पंधराएक बाटल्या, म्हणजे सात-साडेसात लिटर पाणी शिरेत घालावं लागेल. त्यानं माणूस दगावेल. नुसत्या मिठाच्या सलाइनमध्ये तर एकही कॅलरी नसते. ‘ताकदीची पिवळी बाटली’ म्हणून जी लावतात, तिच्यात बी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टाकलेलं असतं. पिवळा रंग त्याचाच.

जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं, ऊन लागलं, किंवा शिरेतून औषध द्यायचं असेल तेव्हा सलाइन कामाची. पोट चालू असेल तर अन्न पोटातूनच गेलं पाहिजे. आणि चार दिवस न खाणाऱ्या माणसाला आधी डॉक्टरांना दाखवा, कारण खाणं बंद का झालं हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. (प्रश्न १५ पण वाचा.)

२. नाकातली नळी आणि पोटाला भोक पाडून बसवलेली नळी, यात चांगली कोणती?

किती दिवस लागणार त्यावर आहे. नाकातली नळी, जिला गावात ‘रायस ट्यूब’ म्हणतात, थोड्या आठवड्यांसाठी ठीक. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असं दिसलं तर पोटावरची नळी, म्हणजे पेग, बरी. ती नाक-घसा सोलत नाही, सहज निसटत नाही आणि जाड असल्यामुळे कमी तुंबते. ती दुर्बिणीतून बसवतात, त्यामुळे एंडोस्कोपीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जावं लागतं. ‘पोटाला भोक’ म्हटलं की घरचे घाबरतात, पण चार-चार महिने नाकात नळी ठेवण्यापेक्षा रुग्णाला तीच सुखाची असते.

नाकातल्या साध्या पीव्हीसी नळ्या लवकर कडक होतात. सिलिकॉन किंवा पॉलीयुरेथेनची नळी चार ते सहा आठवडे टिकते. घरचं अन्न द्यायचं तर मोठ्या माणसाला १४ किंवा १६ नंबरची नळी लागते. ८-१० नंबरच्या बारीक नळीतून ते जात नाही. नळीचा नंबर, टाकल्याची तारीख आणि बदलायची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

३. नळी पोटातच आहे हे घरी कसं ओळखायचं?

नाकपुडीपाशी नळीवर मार्करनं खूण करा आणि नाकाबाहेर किती सेंटिमीटर आहे ते लिहून ठेवा. दर वेळी अन्न देण्याआधी तीन गोष्टी पाहा. खूण जागेवर आहे का? तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिल्यावर घशात नळीचं वेटोळं दिसत नाही ना? सिरींजनं हळू ओढल्यावर पोटातलं पाणी किंवा आधीचं अन्न येतं का? पीएच पट्टी (आंबटपणा मोजायची कागदी पट्टी) मिळाली तर ओढलेल्या पाण्याचा पीएच ५.५ किंवा त्याहून कमी हवा. अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर तो जास्त येऊ शकतो.

हवा ढकलून पोटावर आवाज ऐकायची पद्धत अजून सगळीकडे शिकवतात. तिच्यावर भरवसा ठेवू नका. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येतो. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणंही तसंच फसवं. खूण सरकली असेल तर पाण्याचा थेंबही देऊ नका.

४. एक वेळचं अन्न द्यायची नेमकी पद्धत काय?

हात साबणानं धुवा. रुग्णाला बसवा. बसता येत नसेल तर डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग ३० ते ४५ अंश वर हवा. नुसती उशी मानेखाली घालून हे होत नाही. मान तेवढी वाकते आणि पोट दाबलं जातं. बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा लावा आणि पाठीमागे लोड किंवा गुंडाळलेली गादी द्या.

प्रश्न ३ प्रमाणे नळी तपासा. ओढल्यावर २०० मिलीपेक्षा जास्त जुनं अन्न आलं तर ते परत सोडा, ३० मिली पाणी द्या आणि तासभर थांबून पुन्हा पाहा. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं, किंवा पोट फुगलेलं असेल, तर अन्न देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आता ५० मिलीच्या फीडिंग सिरींजचा दट्ट्या काढा, नळी बोटांनी दुमडून धरा आणि सिरींज जोडा. ३० मिली पाणी ओता, नळी सोडा. पाणी तळाला येता-येता अन्न ओता. सिरींज पूर्ण रिकामी होऊ दिली तर हवा जाते. सिरींज पोटापेक्षा दीड-दोन वीत उंच धरली की अन्न आपोआप उतरतं. २५० मिलीला १५ ते २० मिनिटं लागायला हवीत. दट्ट्यानं ढकलून पाच मिनिटांत संपवलं की उलटी नाहीतर जुलाब ठरलेले. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, मग टोपण. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, रुग्णाला आडवं करू नका. कूस बदलणं, लंगोट बदलणं, छाती थोपटणं ही कामं जेवणाआधी उरका.

दिवसातून सहा वेळा, तीन-साडेतीन तासांनी द्या. रात्री सहा-सात तास पोटाला विसावा. सिरींज दर वेळी साबणाच्या कोमट पाण्यानं धुवून उघडी वाळवा. तेलामुळे दट्ट्याचा रबर फुगतो. तो अडकायला लागला की नवी आणा.

५. मायले नळीतून घरचं काय-काय द्यायचं? प्रमाण सांगा.

दोन पाककृती आलटून-पालटून चालवता येतात.

दुधाची: गाईचं दूध २०० मिली, डाळव्याचं किंवा फुटाण्याचं बारीक पीठ १५ ग्रॅम, साखर दोन लहान चमचे, तेल एक लहान चमचा. पीठ आधी थोड्या थंड दुधात कालवा, मग उकळत्या दुधात टाकून चार-पाच मिनिटं शिजवा. यातून सुमारे २६० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

डाळीची: मूगडाळ २० ग्रॅम, तांदूळ १५ ग्रॅम, भोपळ्याची किंवा गाजराची लहान फोड, चिमूटभर मीठ आणि हळद. कुकरमध्ये अगदी मऊ शिजवा, दोन लहान चमचे तेल घाला, मिक्सरमधून काढा आणि पाणी घालून २५० मिली करा. साधारण २१० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं. फोडणी, जिरं-मोहरी, कोथिंबीर काही नको. नळीत पहिलं तेच अडकतं.

चार वेळा दुधाची आणि दोन वेळा डाळीची दिली तर दिवसाला १४५० च्या आसपास कॅलरी आणि ४८ ग्रॅम प्रथिनं होतात. बेडसोर (पडून-पडून होणारी जखम) असेल तर प्रथिनं वाढवावी लागतात. डाळीच्या एका जेवणात उकडलेलं अंडं वाटून टाकलं की ६ ग्रॅम वाढतात. कच्चं अंडं कधीच नाही. घरचं अक्षय्य तृतीयेचं सातूचं पीठ असेल तर डाळव्याच्या जागी चालतं, पण ते मैद्याच्या चाळणीनं चाळलेलं आणि शिजवलेलं हवं.

मिक्सरनंतर चहाच्या गाळणीतून आणि मग ओल्या सुती कापडातून, असं दोनदा गाळा. तरी घट्ट झालं तर पाणी ओतू नका, त्यानं ताकद पातळ होते. मोड आणून, वाळवून, दळलेलं गव्हाचं किंवा नाचणीचं पीठ अर्धा चमचा घ्या. जेवण गरम पण उकळत नसताना ते ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. मोडातल्या पाचक रसानं पिठूळपणा फुटतो आणि डोळ्यांदेखत ते पातळ होतं. मग एकदा उकळी आणून कोमट करा. उकळत्यात टाकलं तर तो रस मरतो आणि काहीच होत नाही. ज्वारीला मोड आणून हे करू नका. तिच्या कोंबात विषारी द्रव्य तयार होतं.

६. भाकर कुस्करून, जवसाची चटणी, लाखोळीचं वरण, संत्र्याचा रस यातलं काय चालते?

भाकर नाही. कितीही वाटली तरी कोंडा उरतो. जवस पाण्यात बुळबुळीत होऊन फुगतो आणि नळीचा गोंद करतो, म्हणून तोही नाही.

लाखोळीबद्दल जरा सविस्तर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानानंतर ही डाळ होते आणि घरात असतेच. तिच्यात मज्जासंस्थेला मारक घटक आहे आणि महिनोनमहिने तीच मुख्य अन्न झाली तर पायांची ताकद कायमची जाऊ शकते. ताटात चार पदार्थ असणाऱ्याची गोष्ट वेगळी. नळीवरच्या माणसाला रोज तेच दोन पदार्थ जातात, म्हणून त्याच्यासाठी मूग किंवा तूरच घ्या.

संत्र्याचा रस दुधाच्या जेवणाला लागून दिला की नळीतच दही होतं. गाळून, दोन जेवणांच्या मधे, आधी-नंतर ३० मिली पाणी देऊन १०० मिली चालेल. किडनीच्या रुग्णाला विचारल्याशिवाय नाही.

७. मेडिकलमधला पावडरचा डबा घ्यावाच लागतो का?

नाही. प्रश्न ५ प्रमाणे मोजून दिलं तर बहुतेकांचं घरच्यावर भागतं. बारीक नळी असेल, नळी थेट आतड्यात असेल किंवा डायबिटीस-किडनीचं गणित अवघड असेल तिथे डब्याला पर्याय नसतो. डबा घेतलाच तर त्यातलाच चमचा वापरा आणि लिहिलेल्या पाण्यातच कालवा. महाग म्हणून अर्धी पावडर टाकून पांढरं पाणी देणं ही रोज दिसणारी चूक आहे. रुग्ण महिनाभरात हाडाचा सापळा होतो आणि घरच्यांना वाटतं, डबा तर चालू आहे.

८. आमच्याकडे लाइन जाते, फ्रिज नाही. सकाळी करून दिवसभर ठेवलं तर?

नका ठेवू. दूध आणि डाळीचं अन्न साध्या हवेत दोन तासांच्या वर ठेवू नये. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना एकच तास धरा. माठ किंवा ओलं फडकं अन्न गार करतं, पण जंतूंची वाढ थांबवायला ५ अंशांच्या खाली जावं लागतं. तेवढं ते जात नाही. कोरडी पिठं दळून हवाबंद ठेवा, दर वेळी एकाच जेवणापुरतं शिजवा. फ्रिज असेल तर २४ तास, आणि मधे वीज तीन-चार तास गेली असेल तर टाकून द्या. लाइन जाण्याच्या वेळा माहीत असतात. मिक्सरचं काम त्याआधी उरका.

९. पाणी किती आणि कोणतं?

५० किलोला दिवसाला सुमारे १५०० मिली. सहा जेवणांतून साधारण १२०० मिली पाणी जातं, आधी-नंतरचं मिळून ३६० मिली. पावसाळ्या-हिवाळ्यात एवढं पुरतं. उन्हाळ्यात दोन जेवणांच्या मधे १०० ते १५० मिली, असं तीन-चार वेळा जास्त द्या. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल, जीभ कोरडी असेल, तर पाणी कमी पडतंय. हृदय-किडनीच्या रुग्णाला डॉक्टरांनी ठरवलेली मर्यादा उन्हाळ्यातही मोडू नका. किती वाढवायचं ते मार्चमध्येच विचारून घ्या.

पाणी उकळून गार केलेलं. पण उकळण्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी किंवा यवतमाळ-चंद्रपुरात फ्लोराइडवाली म्हणून लाल खूण केलेल्या हापशाचं पाणी उकळूनही नळीला वापरू नका. आरओचं किंवा नळयोजनेचं घ्या.

१०. गोळ्या नळीतून कशा द्यायच्या?

प्रत्येक गोळी वेगळी कुटा, १५ मिली पाण्यात विरघळवा, द्या, १५ मिली पाणी, मग पुढची. सगळ्या एकत्र कुटू नका, अन्नात मिसळू नका. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर लिहिलेल्या गोळ्या कुटल्या तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. पॅन्टोप्राझोलसारख्या आवरणाच्या गोळ्या कुटल्या की पोटातल्या अॅसिडनं निकामी होतात. त्यांच्याऐवजी काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

फिटची फेनिटॉइन अन्नाबरोबर दिली तर अंगी लागत नाही आणि औषध चालू असूनही झटके येतात. तिच्या आधी एक-दोन तास आणि नंतर एक-दोन तास अन्न थांबवा. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दुधाबरोबर नाही.

११. नळी तुंबली. आत तार घातली तर निघेल?

तार, सळई, काडी काहीही नाही. नळी फाटून टोक आतड्याला लागतं. बाहेरची नळी कुठे दुमडली आहे का ते आधी पाहा. मग ५० मिलीच्या सिरींजमध्ये २० मिली कोमट पाणी घेऊन हलकेच पुढे-मागे करा, आतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, पुन्हा करा. लहान सिरींज वापरू नका, ती जास्त दाब देते आणि नळी फोडते. थंड पेय, लिंबू, सोडा नको. आंबटानं दूध अजून गोठतं. तासाभरात नाही निघाली तर नळी बदलावी लागेल.

१२. नळी निघून आली. आता?

नाकातली असेल तर स्वतः परत टाकू नका. चार-सहा तास अन्न गेलं नाही तरी बिघडत नाही. इन्सुलिन घेणारा रुग्ण मात्र याला अपवाद: त्याची साखर लगेच तपासा, पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शिकलेल्या सिस्टर नळी टाकू शकतात. त्याच नंबरची एक नवी नळी घरी ठेवा, केंद्रात ती नसू शकते. घसा, जबडा किंवा अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाची नळी मात्र जिथे ऑपरेशन झालं तिथेच. आतले टाके तुटू शकतात.

पोटावरची नळी निघाली तर घाई करा. भोक काही तासांत आकसतं. स्वच्छ गॉझ लावा, निघालेली नळी सोबत घ्या आणि निघा. बसवून महिना झाला नसेल तर गावात कुणालाही त्यात काही घालू देऊ नका. वाट पक्की झालेली नसते, नळी पोटाऐवजी पोटाच्या पोकळीत जाते आणि तिथे अन्न सांडलं तर जीव जातो.

गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो; मेळघाटातही पावसाळ्यात अशी गावं आहेत. तिथल्या घरांनी जूनच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं, की रस्ता बंद असताना नळी निघाली तर कुठे जायचं.

१३. ठसका लागला किंवा उलटी झाली तर?

अन्न ताबडतोब थांबवा, नळी खाली धरा म्हणजे पोटातलं परत सिरींजमध्ये येईल, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंड पुसा. ओठ निळे पडले, श्वास घरघरत किंवा भराभर चालला तर १०८ लावा. त्या वेळी ठीक वाटलं तरी पुढचे दोन दिवस ताप आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. अन्न फुप्फुसात गेल्याचा न्यूमोनिया उशिरा दिसतो.

१४. जुलाब लागले. अन्न बंद करू का?

पूर्ण बंद नको. शिळं अन्न (प्रश्न ८), घाईनं देणं (प्रश्न ४), अँटिबायोटिक आणि साखरेऐवजी सॉर्बिटॉल असलेली सिरपं ही नेहमीची कारणं. एक दिवस दुधाऐवजी डाळ-तांदळाचं द्या आणि दर जुलाबानंतर २०० मिली ओआरएस नळीतून. रक्त पडलं, ताप आला किंवा दिवसभरात थांबलं नाही तर दवाखाना.

१५. पंधरा दिवस उपाशी असलेल्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण अन्न द्यायचं का?

अजिबात नाही. उपाशी शरीरात एकदम साखर गेली की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं, हृदय बंद पडू शकतं. अशा रुग्णाला दिवसाला किलोमागे १० कॅलरींपासून, म्हणजे ५० किलोला ५०० पासून, सुरुवात करून चार ते सात दिवसांत वाढवतात. त्याआधी बी-१ जीवनसत्त्व आणि रक्ततपासणी. हे रुग्णालयातच व्हायला हवं.

१६. तोंडावाटे काहीच नाही, तर तोंड का धुवायचं? आणि तीर्थ, पोळ्याच्या पुरणाची चव?

न धुतलेल्या तोंडातली लाळ जंतूंसकट फुप्फुसात उतरते. दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं दात-जीभ साफ करा. खर्ऱ्यामुळे तोंड उघडत नसेल तर लहान मुलांचा ब्रश गालातून फिरवा. नाकाची पट्टी रोज बदला, नळी नाकपुडीवर दाबून बसू देऊ नका. पोटावरच्या नळीचं भोक साबण-पाण्यानं धुवून कोरडं करा. बाहेरची चकती कातडीपासून अर्धा सेंटिमीटर सैल हवी. जखम भरल्यावर नळी रोज गोल फिरवा, नाहीतर आतली चकती पोटाच्या भिंतीत रुतते.

तीर्थासाठी बोट भिजवून ओठांना लावा. चमचा नाही. गिळण्याची तपासणी झाली आणि परवानगी मिळाली, तरच चव.

१७. सगळं अन्न शिरेतून घरीच देता येतं म्हणतात. खेड्यात जमेल?

आतडं बरंचसं कापलेलं किंवा निकामी असलेल्यांसाठीच ते आहे. ग्लुकोज, अमिनो अॅसिड आणि चरबी असलेली पिशवी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेल्या लाइनमधून रात्रभर पंपानं देतात. हाताच्या साध्या सुईतून नाही, शीर जळते. त्यासाठी शिकलेली दोन माणसं, फ्रिज, पंपाला बॅटरी, वेगळी स्वच्छ जागा आणि नियमित रक्ततपासण्या लागतात. हे नसेल तर पहिले काही महिने मोठ्या रुग्णालयाजवळ खोली करून राहणंच शहाणपणाचं.

पिशवी सुरू केल्यावर थंडी वाजून ताप आला तर लाइनमध्ये जंतू शिरलेत असं धरा: क्लॅम्प (लाइन बंद करायचा चिमटा) लावा, पिशवी सोबत घ्या, रुग्णालय गाठा. गावात त्या लाइनमधून दुसरं इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. पिशवीत तेलाचा पिवळा थर वेगळा दिसला तर ती लावू नका. आणि ज्या घरात शिरेची लाइन आणि अन्नाची नळी दोन्ही आहेत, तिथे दोन्हींवर ठळक, वेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा. अन्न शिरेत गेलं तर माणूस दगावू शकतो. अन्नासाठी इंजेक्शनची सिरींज घरात ठेवूच नका.

१८. आजीला काही ओळखू येत नाही, आता जेवणही सोडलं. नळी टाकायची का? नाही टाकली तर आम्ही उपाशी मारलं असं होईल का?

स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढत नाही, न्यूमोनिया टळत नाही, बेडसोर भरत नाहीत. उलट नळी ओढते म्हणून हात बांधावे लागतात. अशा रुग्णाला उठवून बसवून, जागी असताना, लहान चमच्यानं, मागेल तेवढंच भरवणं हाच जास्त चांगला उपाय आहे. शरीर बंद होत असताना भूक आपोआप मरते. नातेवाईक काहीही म्हणोत, हे उपाशी ठेवणं नव्हे.

आधीपासून नळी असलेला रुग्ण शेवटाकडे येऊन घशात घरघर, पायांवर सूज, पोटात अन्न साचणं दिसू लागलं तर डॉक्टरांशी बोलून जेवणाचं माप निम्मं किंवा बंद करतात. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (आजार बरा होणारा नसताना त्रास कमी करणारी) टीम असेल तर तिला विचारा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आशाताई ओळख करून देतील. तोंड कोरडं पडतं त्याचाच त्रास जास्त होतो: दर तासाला ओल्या मऊ कापडानं जीभ-हिरड्या पुसा आणि ओठांना तुपाचं बोट लावा.